तळ्याकाठी सासू-जावई

त्याला सगळे हळूभाऊ म्हणत. सलूनच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाने घड्याळाकडे पाहिलं की हळूभाऊ कात्री थांबवून शांतपणे दाराकडे बोट करायचा. घाई असेल तर समोरच्या गल्लीत दुसरा आहे, असा त्याचा अर्थ. कापायचा मात्र असा की लोक वाट बघत बाकावर बसून राहायचे. शिवाय बोलायचा नाही. सलूनवाला असून तोंडाला कुलूप, याचं नव्या माणसाला नवल वाटायचं. जुन्यांना सवय झाली होती.

बायको होती तोवर ती कसर भरून निघायची. ती गल्ल्याशी बसायची. कोणाच्या आईचं गुडघ्याचं दुखणं, कोणाच्या मुलीची नोकरी, वरच्या मजल्यावरचा गळका नळ, सगळ्याची चौकशी तीच करायची आणि मधूनच नवऱ्याला म्हणायची, "ऐकताय ना?" तो मान हलवायचा. संसारही असाच चालला होता, ती बोलायची आणि तो मान हलवायचा, आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे तिची आई. सासरे गेल्यावर लेकीने आईला आपल्याकडे आणलं आणि सलूनच्या वरच्या दोन खोल्यांतली मागची खोली तिला दिली. सासूबाईंनी उभं आयुष्य काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात काढलं होतं. पट्ट्यावरून सरकत येणारी बाटली उजेडासमोर बघायची, तडा दिसला की बाजूला काढायची. त्या कामाने त्यांची नजर अशी झाली होती की समोरच्याला वाटावं, या आपल्यातच कुठे तडा गेलाय का ते बघताहेत. हळूभाऊला तर नेहमीच तसं वाटायचं.

सासू-जावयाचं बोलणं लेकीमार्फत चालायचं. "त्यांना विचार, चहा हवाय का." "आईला सांग, गोळ्या आणल्यात." दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसलेली असायची, आणि मध्ये ती दुभाष्यासारखी. कधी वैतागून म्हणायची, "अहो, ती तुमच्यासमोरच बसलीये, थेट विचारा की." मग दोघंही चहात डोकं घालायची.

मग ती आजारी पडली. औषधपाणी, दवाखाने, सगळं झालं, आणि एका हिवाळ्याच्या शेवटी ती गेली.

मधलं माणूसच गेल्यावर दोन्ही काठ गप्प झाले. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. सासूबाई सकाळी त्याचा चहा झाकून ठेवायच्या, तो संध्याकाळी त्यांच्या गोळ्या टेबलावर ठेवायचा. ज्याने त्याने आपापल्या खोलीत आपापलं रडून घेतलं असेल, पण तिचं नाव काही दोघांनी ओठांवर आणलं नाही. अशी तीन वर्षं गेली.

आणि मग एका सकाळी जिना सुटला. शेजारच्या मोकळ्या जागेवर नवी इमारत व्हायची होती. तिच्या पायासाठी खोल खड्डा खणला आणि या इमारतीची बाजूची भिंत खचली. जिना भिंतीपासून वीतभर अलग झाला. पालिकेची माणसं आली, त्यांनी सगळ्यांना हाताला धरून खाली उतरवलं, दाराला पट्टी लावली. दुरुस्ती झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

"किती दिवस लागतील?" कोणीतरी विचारलं.

"उन्हाळा तरी जाईल," पट्टी लावणारा म्हणाला.

हळूभाऊचं दुकान आणि घर एकाच दाराआड गेलं. खुर्च्या, आरसे, पाण्याचे फवारे आत राहिले. त्याच्या हाताशी राहिल्या दोन कात्र्या, चार कंगवे, आणि धुवायला नेलेले म्हणून वाचलेले, गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायचे कापडी झगे.

पालिकेने बेघर झालेल्यांची सोय शाळेच्या सभागृहात केली. खाटांच्या रांगा, डोळ्यांत जाणारे दिवे, कोणाचं तरी बाळ सतत रडतंय. भाड्याच्या खोल्या बघितल्या, पण वर्षभराच्या कराराशिवाय कोणी दारात उभं करेना. सासूबाईंना एक मुलगा होता, मालवाहू जहाजावर आचारी. बायकोच्या माहेरी त्याचं बिऱ्हाड, आणि तो स्वतः समुद्रात. त्याचा फोन आला. "उन्हाळा संपला की मी येतो आणि आईला माझ्याकडे नेतो. तोवर तेवढं सांभाळा, भाऊजी."

"सांभाळतो," हळूभाऊ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्याच हाताखाली शिकलेल्या एकाचं सलून होतं, त्याने एक खुर्ची देऊ केली. कामाचा प्रश्न सुटला. तिथेच एक दिवस त्याचं जुनं गिऱ्हाईक आलं, एक वायरमन. मान खाली घालून केस कापून घेता घेता म्हणाला, "तळ्याकाठी सरकारी कॅम्प आहे, माहितीये का? तंबू ठोकायचा आणि राहायचं. थेट बस जाते. आम्ही दरवर्षी जातो, यंदा जमत नाही. तंबू माळ्यावर पडलाय. घेऊन जा."

हळूभाऊने दिवसभर त्यावर विचार केला. संध्याकाळी सभागृहात गेला, तर सासूबाई खाटेच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, जणू कुठल्याही क्षणी बस येईल आणि त्या चढतील. त्याने घसा साफ केला.

"आई, तंबूत राहाल का?"

सासूबाईंनी वर पाहिलं. "तंबूत?"

"तळ्याकाठी कॅम्प आहे. नळ आहे, संडास आहे."

"आणि सर्कस?"

ही थट्टा आहे की राग, ते त्याला कळेना. तो म्हणाला, "सर्कस नाही."

"पाणी किती आहे तळ्यात?"

म्हातारीला ओल बाधेल याची धास्ती असणार, असं त्याला वाटलं. "आहे म्हणतात बरंच. पण आपण लांबची जागा मागू."

"चला मग," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून उभ्याच राहिल्या. त्याला म्हणावं लागलं की आज नाही, उद्या.

कॅम्प म्हणजे फार काही नव्हतं. खडी टाकलेला रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना आखून दिलेल्या जागा, प्रत्येक जागेवर नंबराचा खांब, जमिनीत रोवलेलं लाकडी टेबल, त्याला जोडलेले बाक आणि चूल पेटवायला दगडांचं कोंडाळं. मधोमध एक नळ. कडेला पत्र्याचे संडास, त्यांच्यावर एक पिवळा दिवा. दारातल्या फलकावर काय काय करू नये याची भली मोठी यादी. ती यादी वाचून दाखवायला एक राखणदार होता, उंच आणि वाकलेला, गळ्यात शिट्टी.

"एका जागेवर दोन आठवडे. मग जागा बदलायची," राखणदार म्हणाला. "नाहीतर लोक घरच बांधतात. आणि इथे धंदा चालत नाही. तुमच्या पिशवीतून कात्र्या डोकावताहेत म्हणून सांगतो."

सगळ्या बऱ्या जागा गेलेल्या. यांच्या वाट्याला आली ती संडासाशेजारची.

तंबू उभा करणं हा वेगळाच अध्याय झाला. वायरमनने सगळं बांधून दिलं होतं, पण कुठली काठी कशात घालायची ते सांगितलं नव्हतं. हळूभाऊ आपल्या स्वभावाप्रमाणे एकेक काठी उचलून तिच्याकडे बराच वेळ बघत होता. सासूबाई बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. तंबू एकदा उभा राहिला आणि बसला. दुसऱ्यांदा उभा राहिला तो आतली बाजू बाहेर, शिवण वर.

"उलटा झालाय," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"पँटही अशी घातली तर कळतं माणसाला."

पलीकडच्या तंबूतली बाई हसली. हळूभाऊने तंबू पुन्हा उतरवला. अंधार पडायच्या आत तो कसाबसा उभा राहिला, एका अंगाला जरा कललेला. आत मधोमध त्याने दोरी बांधली आणि सलूनचे झगे एकमेकांना केसांच्या चिमट्यांनी जोडून पडदा केला. पडद्याच्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला जावई. घरात मध्ये भिंत होती, इथे काळं कापड. श्वाससुद्धा ऐकू यायचा.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "फार घोरता तुम्ही."

"तुम्हीसुद्धा."

"मी घोरत नाही."

"बरं," हळूभाऊ म्हणाला, आणि बस पकडायला गेला. बसमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की गेल्या तीन वर्षांत मिळून जेवढं बोलणं झालं नसेल, तेवढं दोन दिवसांत झालं.

दिवसभर तो गावात डोकी भादरायचा आणि संध्याकाळच्या बसने परत यायचा. येताना पाव, अंडी, भाजी आणायचा. सासूबाई दगडांच्या कोंडाळ्यात जाळ करून ठेवायच्या. जाळ करणं त्यांना चांगलं जमायचं, कारखान्याच्या भट्टीशी ओळख असल्यासारखं. जेवता जेवता त्या दिवसभराच्या बातम्या द्यायच्या, कारण द्यायला आता दुसरं कोणी नव्हतं. पलीकडच्या बाईचा नवरा तिला न सांगता मासे सोडून देतो. राखणदाराला शिट्टी वाजवायला आवडते, पण कारण सापडत नाही. हळूभाऊ ऐकायचा. एकदा तो "मग?" असं म्हणाला, तर सासूबाईंनी घास थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

दोन आठवडे झाल्यावर राखणदाराने त्यांना झाडांतल्या जागेवर हलवलं. संडासाचा वास मागे राहिला म्हणून दोघांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण तिथे डासांनी जीव नकोसा केला. त्याच्या पुढची जागा मात्र मिळाली ती थेट पाण्यापाशी. हळूभाऊ कचरला. त्याला पोहता येत नव्हतं, घोट्याच्या वर पाणी आलं की त्याची पाचावर धारण बसायची. शिवाय सासूबाईंचे गुडघे असे की चार पावलं टाकायला काठी लागायची. तो राखणदाराला म्हणाला, "दुसरी नाही का? म्हातारं माणूस आहे."

"ही जागा मिळावी म्हणून लोक हुज्जत घालतात माझ्याशी," राखणदार म्हणाला.

सासूबाई तोवर काठी टेकत टेकत पुढे गेल्या होत्या. "हीच," त्या म्हणाल्या.

त्या जागेवर गेल्यावर एकदोन गोष्टी हळूभाऊच्या नजरेला खटकल्या. संध्याकाळी दोरीवर सासूबाईंचा जुना सुती गाऊन रोज वाळत असायचा. आणि त्या सारख्या शिंकायच्या. त्याने औषध आणलं. सासूबाईंनी मुकाट्याने घेतलं.

मग एकदा त्या सलूनवाल्याच्या चुलतभावाकडे कार्य निघालं आणि दुकान दुपारीच बंद झालं. हळूभाऊ लवकरच्या बसने परत आला. उन्हं अजून वर होती. तंबूत सासूबाई नव्हत्या. टेबलाशी नव्हत्या, नळावर नव्हत्या. तो पाण्याच्या बाजूला वळला आणि काठावर त्याला दिसली त्यांची काठी, आणि काठीशेजारी नीट जोडून ठेवलेल्या चपला.

त्याच्या हातातली पिशवी पडली, अंडी फुटली. "आई!" तो ओरडला. तो एवढ्या मोठ्याने कधी ओरडला नव्हता, त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. तो बूट-मोज्यांसकट पाण्यात शिरला. पाणी घोट्याच्या वर आलं, गुडघ्याच्या वर आलं, तरी तो पुढे जात राहिला.

"तिथे चिखल आहे," पाण्यातून आवाज आला. "उजवीकडून या."

लांब, जिथे पाण्याचा रंग बदलत होता तिथे, एक पांढरं डोकं तरंगत होतं. डोकं वळलं आणि काठाकडे यायला लागलं, संथ, एका लयीत, पाण्याला फारसं न हलवता. जमिनीवर चार पावलांना धाप लागणाऱ्या सासूबाई पाण्यातून अशा येत होत्या की जणू कोणी त्यांना आतून अलगद ढकलतंय.

त्या उभ्या राहता येईल एवढ्या पाण्यात आल्या. छातीपर्यंत भिजलेला जावई तिथे उभा होता.

"तुम्हाला पोहता येतं?" त्याने विचारलं.

"येत नसतं तर एवढ्या लांब गेले असते का?"

"कधीपासून?"

"चालायला लागले त्याच्या थोडं आधीपासून, असं माझे वडील म्हणायचे. नदीकाठचं गाव आमचं." त्यांनी त्याचा हात धरला, आधार द्यायला की घ्यायला ते त्याला कळलं नाही. "लग्न करून आले तिथे नदी नव्हती. कारखाना होता. मग राहूनच गेलं."

"तिला माहीत होतं?"

'तिला' म्हणजे कोणाला, ते विचारावं लागलं नाही. सासूबाई काठाकडे वळल्या. "नाही. विषयच कधी निघाला नाही. बाटल्यांच्या पाळ्या, घर, स्वयंपाक. आपल्या आईला पोहता येत असेल असं पोरींना कुठे वाटतं?"

दोघं काठावर आली. त्याने त्यांना टॉवेल दिला, काठी दिली. काठी हातात आल्याबरोबर त्या पुन्हा म्हाताऱ्या झाल्या. त्या संध्याकाळी फुटलेल्या अंड्यांतली जी वाचली त्यांचं जेवण झालं. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या चिखलात शिरलात, आणि येत तर काही नाही. बुडाला असतात."

"हो."

"मग मला दोन-दोन कामं करावी लागली असती. तुम्हाला ओढून आणायचं आणि मग जाळ पेटवायचा." त्यांनी ताटली बाजूला ठेवली. "उद्या लवकर या. शिकवते."

हळूभाऊ नको म्हणणार होता. पण त्याला नाही म्हणायलाही वेळ लागायचा, आणि तोवर सासूबाई तंबूत गेल्या होत्या.

पन्नाशी उलटलेल्या जावयाला सत्तरी उलटलेली सासू पोहायला शिकवतेय, हे बघायला पहिल्या दिवशी आसपासचे तीन तंबू रिकामे झाले. राखणदारसुद्धा आला. हळूभाऊ गुडघाभर पाण्यात खांबासारखा उभा होता.

"आडवे व्हा," सासूबाई म्हणाल्या.

"कसा?"

"पलंगावर होता तसे. मी हात धरते पाठीखाली."

खरी अडचण इथेच होती. एका छताखाली इतकी वर्षं काढली, पण त्यांचा हात त्याच्या अंगाला कधी लागला नव्हता, सणसमारंभातलं पाया पडणं आणि काल पाण्यात धरलेला हात सोडला तर. तो तसाच उभा राहिला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. रागात असल्या की त्या असं म्हणायच्या. "मी लाखो बाटल्या हातांनी उचलल्यात, एक फोडली नाही. पडा."

तो पडला. नाकातोंडात पाणी गेलं, तो धडपडला, उभा राहिला, खोकला. परत पडला. कितव्या खेपेला कोण जाणे, पाठीखाली त्याला एक लहानसा, घट्ट तळहात जाणवला आणि कानांत पाणी शिरून सगळे आवाज बंद झाले. वर नुसतं आभाळ. तो तसाच राहिला. खूप वेळाने त्याच्या ध्यानात आलं की तळहात पाठीखाली नाहीये. सासूबाई हातभर अंतरावर हात बांधून उभ्या होत्या. हे कळल्याबरोबर तो बुडाला, ही गोष्ट वेगळी. पण बुडता बुडता तो हसत होता, आणि पलीकडच्या तंबूतली बाई टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर रोज तो लवकरच्या बसने येऊ लागला. सलूनवाल्याला सांगितलं की शिकवणी आहे. कसली, ते सांगितलं नाही.

सासूबाईंच्या शिंका मात्र थांबेनात. त्यांचे केस कमरेपर्यंत होते, पांढरे आणि दाट. भिजले की रात्रीपर्यंत वाळायचे नाहीत. एका सुटीच्या दिवशी त्या पोहून आल्या, टेबलाच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "कापून टाका."

"काय?"

"केस. दुसरं काय कापता तुम्ही?"

हळूभाऊने कात्री काढली, कंगवा काढला. तंबूतल्या पडद्याचा एक झगा सोडवून त्यांच्या खांद्यांवर टाकला, मागे बांधला. मग तो नुसताच उभा राहिला. आयुष्यभर लोकांची डोकी हाताळली, पण या डोक्याला हात लावायचा म्हणजे त्याला धीर होईना.

"किती कमी करू?"

"वाऱ्याने वाळतील इतके."

त्याने केस विंचरायला घेतले. हळूहळू, टोकांपासून वर. सासूबाई पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या. पाठमोऱ्या माणसाला बोलणं सोपं जातं, कदाचित म्हणूनच त्या बोलल्या.

"तिचे तुम्ही काढले, त्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते."

त्याचा हात थांबला. औषधांनी बायकोचे केस झडायला लागले तेव्हा ती म्हणाली होती, पुंजके उशीवर बघण्यापेक्षा एकदाच सगळे काढा. त्याने दार लोटून घेतलं होतं आणि तिला खिडकीशी बसवून यंत्र चालवलं होतं.

"आत यायचा धीर झाला नाही मला," सासूबाई म्हणाल्या. "पण जाताही येईना. आणि मग तुमचा आवाज ऐकला. तुम्ही बोलत होता. सारखं बोलत होता. कोण गिऱ्हाईक काय म्हणालं, कोणाच्या केसांच्या टोपाची काय गंमत झाली. ती हसत होती. मला वाटलं आत दुसराच कोणी आहे."

"ती घाबरली होती," हळूभाऊ म्हणाला. कंगवा त्याने पुन्हा टोकांपासून फिरवला. "मी गप्प बसलो असतो तर तिला यंत्राचा आवाज ऐकू आला असता."

"मला ठाऊक आहे." सासूबाईंनी मान जराही हलवली नाही. "तेव्हापासून तुमच्यावर राग धरायचा मी सोडून दिला. आधी होता. मुका जावई मिळाला म्हणून."

मग तो कापायला लागला. लांब पांढऱ्या बटा झग्यावरून घसरत खाली पडत होत्या. कापता कापता त्याने सांगितलं की शेवटच्या दिवसांत ती त्याच्याकडून रोज एक नवी गोष्ट मागायची, आणि गिऱ्हाइकांच्या गोष्टी संपल्यावर तो खोट्या रचायचा. तिला ते कळायचं. सासूबाईंनी सांगितलं की लहानपणी ती इतकी बोलायची की शाळेतल्या बाईंनी तिला खिडकीशी एकटीला बसवलं, तर ती रस्त्यावरून जाणाऱ्यांशी बोलायला लागली. दोघांनी तिचं नाव घेतलं. एकदा घेतलं, मग पुन्हा पुन्हा घेतलं. सासूबाई मध्येच रडल्या. त्याने कात्री थांबवली, त्यांचं होईपर्यंत थांबला, आणि पुन्हा सुरू केली.

कापून झाल्यावर त्याने सासूबाईंच्या पिशवीतला छोटा आरसा समोर धरला. कानाच्या पाळीपर्यंतचे केस, मानेवर नीट उतरलेले. सासूबाईंनी उजेडाकडे तोंड केलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, बाटली तपासावी तसं.

"चालेल," त्या म्हणाल्या.

राखणदार लांबून बघत होता. तो शिट्टी वाजवणार, धंदा धंदा म्हणून ओरडणार, असं वाटलं. पण तो जवळ आला, टोपी काढली आणि म्हणाला, "घरच्या माणसाचे कापले तर तो धंदा होत नाही. माझे कापले तर होईल का?" सासूबाई म्हणाल्या, तुम्हीही रोज बघताच आम्हाला, घरचेच झालात की. त्या दिवसापासून जागा बदलायची गोष्ट राखणदाराने त्यांच्यापाशी काढली नाही.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा मेहुणा आला, उन्हाने रापलेला आणि भाड्याची गाडी घेऊन. खडीवर गाडी उभी करून तो तंबू शोधत आला, तर समोर पाण्यातून आखूड केसांची एक म्हातारी बाहेर येत होती आणि तिच्या मागे भाऊजी, कुत्र्यासारखे हातपाय मारत. आईला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला. "या वयात? थंड पाण्यात?"

"तुला पोहता येतं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"आणि जहाजावर राहतोस."

"जहाजावर पोहायची वेळ आली तर सगळं संपलेलंच असतं, आई."

तिघं टेबलाशी बसली. हळूभाऊने चहा केला. मेहुण्याने सगळं ठरवून आणलं होतं. खोली तयार आहे, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. मुलगा असताना आई जावयाकडे, तीही तंबूत, लोक काय म्हणतील. माणूस वाईट नव्हता. इतकी वर्षं लांब राहिल्याचं त्याला वाईट वाटत होतं, ते त्याला एकदम भरून काढायचं होतं.

हळूभाऊ कपाकडे बघत होता. "त्यांना जिथे बरं वाटेल तिथे," तो म्हणाला. मग थांबला. पूर्वीचा असता तर तिथेच थांबला असता. "पण गेल्या तर मला चुकल्यासारखं होईल."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मुलाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे येईन की. पाहुणी म्हणून येईन, लाड करून घ्यायला येईन. लोकांनी विचारलं तर सांग, आई जावयाला पोहायला शिकवतेय. शिकवणी अर्धी टाकून येता येत नाही."

मेहुण्याने वाद घातला, रुसला, मग दुपारी त्याने तळ्यावरच स्वयंपाक केला, जहाजावर करतो तसा, वीस माणसांना पुरेल एवढा. पलीकडच्या तंबूतली बाई आणि तिचा मासे सोडून देणारा नवरा जेवायला आले, राखणदारही आला. संध्याकाळी जाताना मेहुण्याने भाऊजींना मिठी मारली. त्याचे केस हळूभाऊने तेवढ्यात कापून दिले होते.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा पालिकेचा निरोप आला की इमारतीची भिंत सावरली, जिना नवा बसवला. त्यांनी तंबू उतरवला, पुसून, वाळवून वायरमनला परत दिला. शेवटच्या सकाळी हळूभाऊ एकटा पाण्यात गेला, लांब नाही, पण जिथे पाय टेकत नाहीत तिथपर्यंत, आणि परत आला. सासूबाई काठावर उभ्या होत्या. "हात अजून वाकतो तुमचा," एवढंच म्हणाल्या.

घरात रंगाचा वास होता. कामगारांनी सगळं सामान मधोमध ओढून ठेवलं होतं. सलूनच्या आरशांवर धुळीचा थर होता. वरच्या खोलीत, भिंतीपासून दूर, खोलीच्या मध्यावर बायकोचं कपाट उभं होतं. ती गेल्यापासून ते कोणी उघडलं नव्हतं. ते जागेवर ढकलायला हळूभाऊने हात लावला, तर सासूबाई म्हणाल्या, "जड आहे. आधी रिकामं करू."

त्यांनी दार उघडलं. दोघं जमिनीवर बसली आणि एकेक कपडा काढू लागली. हा कुठल्या समारंभातला, हा तिने स्वतः शिवलेला आणि एक बाही लांब झालेला, हा तिला कधीच आवडला नव्हता पण त्याने आणला म्हणून घालायची. काही द्यायचे बाजूला ठेवले, काही ठेवायचे. एक जाड निळा स्वेटर सासूबाईंनी अंगाला लावून पाहिला. गावात पालिकेचा बंदिस्त पोहण्याचा तलाव होता, सकाळी वयस्कर लोकांसाठी वेगळी वेळ असायची, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

"पाण्यातून बाहेर आल्यावर ऊब लागते," त्या म्हणाल्या. "घेऊ का हा?"

"घ्या," हळूभाऊ म्हणाला. "तिला निळा आवडायचा. का आवडायचा, सांगू का? फार मोठी गोष्ट आहे ती."

"सांगा," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.